रिबेकाबाई आणि दोन तांबूस घोड्या

करंजाड्याच्या बाजूला फिरायला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "डॉक्टर, इथे पुढे घोड्यांचा तबेला होता ना? तो का हो बंद झाला?" मी म्हणतो, "रोग आला होता." विचारणारा मान हलवतो आणि आम्ही गुडघ्यांच्या दुखण्याकडे वळतो. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं आहे की ते आता आपोआप तोंडातून निघतं. ते खोटं नाही. म्हणूनच इतकी वर्षं चाललं.

मी सरकारी नोकरीत जनावरांचा डॉक्टर होतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. रिबेकाबाईंवर लिहायला मी याआधी दोनदा बसलो. दोन्ही वेळा त्यांच्या बोलण्याची, त्यांच्या हलव्याची, त्यांच्या खोड्यांची चार पानं झाली आणि पुढे हात चालेना, कारण पाचव्या पानावर मी येत होतो. या वेळी तिथपर्यंत जायचं आहे.

रिबेकाबाई पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबातल्या. घरात बोलणं मराठी, जेवण नारळाच्या दुधातलं कोकणी, आणि दाराच्या चौकटीवर तिरपी ठोकलेली एक छोटी नळी, तिच्यात प्रार्थनेचा कागद. तशीच नळी त्यांनी तबेल्याच्या फाटकालाही लावली होती. बहीण, भाऊ, चुलत भावंडं एकेक करून इस्रायलला गेली. "तुम्ही कशा राहिलात?" असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मी निघाले होते. घोड्यांचा व्हिसा नाकारला."

त्यांचे वडील पोलिसांत घोडेस्वार होते, त्यामुळे त्या चालायच्या आधी घोड्यावर बसल्या होत्या. पुढे मुंबईत मनोरुग्णांच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स होत्या. नोकरी सोडून त्यांनी वडिलांच्या जागेवर, चिरनेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, पाच ठाणांचा तबेला बांधला. एकेका ठाणात एकेक जनावर. शर्यतीतून बाद झालेले दोन घोडे, दोन तांबूस घोड्या आणि एक माथेरानचा म्हातारा. हा म्हातारा मैदानात चालता चालता मध्येच थांबायचा आणि मान वळवून उभा राहायचा. पर्यटकांचे फोटो काढून होईपर्यंत थांबायची त्याची जन्माची सवय. रिबेकाबाई ओरडायच्या, "अरे, काढला फोटो! चल आता!" आणि तो खरंच चालायला लागायचा.

सकाळी शाळेची मुलं घोडेस्वारी शिकायला यायची. दुपारनंतर मोठी माणसं यायची, ती शिकायला नव्हे. कोणाची झोप गेलेली, कोणाचं माणूस गेलेलं, कोणी घरात कोणाशी बोलेनासा झालेला. फाटकावरच्या पाटीवर मात्र फक्त 'घोडेस्वारीचे वर्ग' एवढंच होतं. मी एकदा म्हटलं, "समुपदेशन असंही लिहा की." त्या म्हणाल्या, "तो शब्द लिहिला तर पनवेलचा एकही पुरुष या फाटकातून आत येणार नाही. घोडा शिकायला जातो म्हटलं की मिशीला पीळ देऊन येतो."

आलेल्या माणसाला त्या घोड्यावर बसवायच्या नाहीत. पहिले पंधरा दिवस लीद काढायची, पाणी भरायचं, खरारा करायचा. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश. "कसं वाटतंय?" हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारलेला मी ऐकला नाही. त्या विचारायच्या, "आज घोडीचं काय म्हणणं?" माणूस सांगायचा, "आज ती जरा चिडलेली आहे. तिला वाटतंय की तिचं कोणी ऐकत नाही." रिबेकाबाई मान डोलवायच्या आणि पुढच्या ठाणाकडे जायच्या.

आणखी एक रीत होती. तिथल्या घोड्यांना नावं नव्हती. ठाणांना एक ते पाच आकडे होते, तेवढंच. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घोड्याला आपल्या मनाने नाव द्यायचं. त्यामुळे एकाच घोडीला नऊ-दहा नावं असायची आणि ती सगळ्यांना ओ द्यायची. कोणी कुठलं नाव दिलं ते रिबेकाबाई पेन्सिलीने एका वहीत लिहून ठेवत. "माणूस तोंडाने काय सांगतो ते सोडा, डॉक्टर. घोडीला काय नाव देतो ते बघा. वॉर्डात मला हे कळायला सहा-सहा महिने लागायचे."

शनिवारी तबेला बंद. शनिवार हा सुट्टीवाल्यांचा दिवस, सगळ्यात जास्त माणसं त्याच दिवशी आली असती. पण त्या ऐकायच्या नाहीत. "आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मी शनवार घोडेवाली." शनिवारी त्या सकाळी सिनेगॉगमध्ये जात, पेन्सिलही हातात धरत नसत. घोड्यांना चारापाणी मोतद्दार जोमा करायचा. जोमा इथलाच आगरी, तरुणपणी मुंबईला रेसच्या तबेल्यात राबलेला.

मी महिन्यातून एकदा जायचो. जंताचं औषध, लस, खुरांची तपासणी. माझ्याशी त्यांचं छान जमायचं, म्हणजे त्या मला टोचून बोलायच्या आणि मला ते आवडायचं. त्यांच्या नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा डबाभर घरी पाठवायच्या. एकदा मी एका घोड्याचं लसीकरणाचं कार्ड शोधत अर्धा तास घालवला, घोडा समोर उभा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जनावरांशी बोलतच नाही. त्यांच्या कागदांशी बोलता." मी खळखळून हसलो होतो.

बाळारामशेठ तिथे आले ते त्यांच्या बायकोने ढकलले म्हणून. करंजाड्यातली त्यांची शेती नवीन वसाहतीत गेली. हातात पैसा आला, तीन मजली घर झालं, दारात दोन गाड्या आल्या आणि शेठ सकाळी दहापासून प्यायला लागले. पन्नाशीचा दणकट माणूस, पण चहाचा कप धरला की बशी वाजायची. पहिल्या दिवशी गळ्यात साखळ्या घालून आले आणि रिबेकाबाईंनी हातात फावडं दिलं. मी तेव्हा शेजारच्या ठाणात होतो.

"ओ बाय," शेठ म्हणाले, "म्हंजे पैशे बी मीच द्याचे, न् लीद बी मीच काराची?"

"हो. आणि साखळ्या काढून ठेवा, घोडी चघळते."

"मी बसनार कवा?"

"घोडी सांगेल तेव्हा."

शेठनी जोमाकडे बघितलं. "यो कसला क्लास रं जोमा? आमचे घरी बैल होते तवा ह्येच कराचो, फुकट."

"मंग तुमाला येतंय," जोमा म्हणाला. "हाना."

शेठ महिनाभर शिव्या देत आले, पण आले. त्यांच्या वाटणीला दोन नंबरच्या ठाणातली तांबूस घोडी होती, मागचा उजवा पाय मोजा घातल्यासारखा पांढरा असलेली. तिला त्यांनी नाव दिलं जांभळी. रिबेकाबाईंनी ते वहीत लिहिलं आणि मला दाखवलं. मला काही कळलं नाही. "त्यांच्या बांधावर जांभळीचं झाड होतं," त्या म्हणाल्या. "त्या शेताला घरात जांभळीच म्हणायचे. जोमाने सांगितलं."

त्यानंतर मी जाईन तेव्हा शेठ घोडीला खरारा करताना दिसायचे आणि त्यांचं बोलणं चालू असायचं. यंदा पाऊस कसा पडला, राब कधी भाजायचा, बांध कुठे फुटला. विकलेल्या शेताची सगळी कामं ते त्या घोडीच्या अंगावर करत होते. सहा-सात महिन्यांनी त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर उचलला तेव्हा बशी वाजली नाही. ते माझ्या लक्षात आलं हे त्यांनाही दिसलं. "काय बघतंय डाक्तर? दुपारपावत नाय घेत आता. जांभळीला वास येतंय, त्वांड फिरवतंय ती." ते अजून घोड्यावर बसले नव्हते. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला आपण घोडीवर बसून मांडवात जायचं असं त्यांच्या मनात होतं. "नवरा गाडीनं येल," ते म्हणायचे, "बाप घोरीवरशी येल." रिबेकाबाईंनी होकार दिला होता. लग्नाला तीन महिने होते.

आता पाचवं पान.

ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा एक रोग आहे. त्याला औषध नाही. तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून कायद्याने रोगी घोड्याला मारून, चुना टाकून पुरावं लागतं. त्या वर्षी आमच्या भागातल्या सगळ्या घोड्यांचं रक्त तपासायचा हुकूम आला. मी रिबेकाबाईंना फोन केला. "शनिवार सोडून कधीही या," त्या म्हणाल्या. "मी वही घेऊन उभी राहते." मला बुधवारी यायचं होतं, जमलं नाही. गुरुवारी बैठक निघाली. सोमवारी नमुने पाठवायचे होते. मी शनिवारी सकाळी गेलो. त्या सिनेगॉगमध्ये होत्या. जोमा एकटा होता.

मी नेहमी ठाणांच्या क्रमाने रक्त घेतो. एक, दोन, तीन, चार, पाच. त्या दिवशी दोन नंबरची घोडी दाण्यात तोंड घालून होती. जोमा म्हणाला, "डाक्तर, ही आता हलाची नाय, पयली तीनची घ्या." मी तीनची घेतली, मग दोनची. तीन नंबरचीही तांबूस, तशीच उंच, फक्त तिचा पांढरा मोजा डाव्या पायाला. रक्ताच्या नळ्यांवर तिथल्या तिथे नंबर घालायचा, हे मी नव्या मुलांना शिकवत आलो. त्या दिवशी ऊन होतं, आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. नळ्या तशाच खिशात टाकल्या आणि नाक्यावर चहा घेताना, जीपमध्ये बसून, त्यांच्यावर क्रमाने नंबर घातले. एक, दोन, तीन, चार, पाच.

दहा दिवसांनी अहवाल आला. दोन नंबरच्या नळीत रोग होता.

मी तबेल्यात जाऊन सांगितलं तेव्हा रिबेकाबाईंनी हातातली वही मिटली. मग मला हाताला धरून ठाणांकडे नेलं. "हिचं नाक बघा," दोन नंबरच्या घोडीच्या नाकपुडीत बोट फिरवून त्या म्हणाल्या. "कोरडं आहे. खाते, पिते, चमकते आहे. शेजारची बघा. आठवडाभर तिचं नाक वाहतंय. डॉक्टर, असली तर ती असेल. पुन्हा एकदा रक्त घ्या."

मला पुन्हा रक्त घेता आलं असतं. एक पत्र लिहावं लागलं असतं, पंधरा दिवस लागले असते, वरून दोन फोन आले असते. माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी म्हणालो, "बाई, तिला धुळीची सर्दी आहे. अहवाल स्पष्ट आहे."

"तुम्ही घोडीकडे बघून सांगा."

"मी बघितलं."

मी बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, तबेल्यामागे जेसीबीने खड्डा काढला. बाळारामशेठना कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण जेसीबी त्यांच्याच पुतण्याची निघाली. ते आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. नियमाने आत कोणाला सोडायचं नव्हतं. रिबेकाबाईंनी घोडीचं डोकं छातीशी धरलं. जोमाने पाठ फिरवली. इंजेक्शन मी दिलं. घोडी आधी गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली, आणि रिबेकाबाई तिच्याबरोबर खाली बसल्या. फाटकाकडून शेठचा आवाज आला, "बाय, झाला काय?" मी जोमाला चुन्याची पोती आणायला सांगितली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिचं सगळं सामान जाळायचं होतं. बादली, झूल, दावं, खोगीर. आम्ही जाळलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. या वेळी तीन नंबरच्या घोडीत रोग निघाला. कार्यालयात सगळे म्हणाले, पसरला. मी घरी आलो आणि खिशातली डायरी काढली. रक्त घेताना मी प्रत्येक जनावराचा ताप त्यात टिपून ठेवतो, ज्या क्रमाने घेतलं त्या क्रमाने. त्या शनिवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: एक, तीन, दोन, चार, पाच. दोनपुढे लिहिलं होतं, 'खात होती, नंतर घेतली.' रोग पसरलेला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून तीन नंबरमध्येच होता. मी धडधाकट घोडी मारली होती.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या घोडीलाही इंजेक्शन द्यायला तबेल्यात गेलो तेव्हा डायरी माझ्या खिशात होती. सांगायचं मी ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगतो, या शपथेला आता काही किंमत नसली तरी. मी तोंड उघडायच्या आधी रिबेकाबाईंनी कपाटातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. खरारा होता. त्याच्या दात्यांत तांबूस केस अडकलेले.

"हा मी जाळला नाही," त्या म्हणाल्या. "शेठसाठी ठेवला. त्यांना घोडीशिवाय हात रिकामे वाटायला लागले होते, म्हणून मी त्यांना तीन नंबरकडे लावलं. ह्याच खराऱ्याने. मी धुतला होता, डॉक्टर. उकळत्या पाण्याने धुतला होता. बावीस वर्षं नर्स होते मी. दुसरी घोडी मी मारली."

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. नाही बाई, तुमचा काही दोष नाही, चूक माझी. एवढंच. मी खरारा कागदात पुन्हा गुंडाळला आणि म्हणालो, "हे मला अहवालात लिहावं लागेल."

आणि मी लिहिलं. 'मालकिणीने सूचना देऊनही बाधित जनावराचे साहित्य नष्ट न केल्यामुळे संसर्ग पसरल्याचे दिसते.' खाली माझी सही. ते वाक्य लिहिताना मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं.

बाकीचे तीन घोडे शेवटपर्यंत निर्दोष निघाले, पण त्याचा उपयोग झाला नाही. माणसाला होणारा रोग म्हटल्यावर शाळांनी मुलं पाठवणं थांबवलं. दुपारची माणसं चार-पाच महिने फोन करत राहिली, मग तीही थांबली. शर्यतीचे घोडे लांबच्या कोणाला तरी देऊन टाकले. माथेरानचा म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला. जोमा करंजाड्याच्या एका टॉवरच्या गेटवर निळा शर्ट घालून बसायला लागला. मला बघितलं की सलाम करायचा. त्याला काहीच माहीत नव्हतं. "आपलं नशीब, डाक्तर," म्हणायचा.

बाळारामशेठ मुलाच्या हळदीला गाडीतूनही मांडवात गेले नाहीत. खोलीत झोपून होते. वर्षाच्या आत लिव्हरने गेले. मी मयताला गेलो होतो. त्यांच्या बायकोने मला ओळखलं आणि म्हणाली, "त्या बायनं माझे मानसाला उभा केला होता. मंग रोग पसरला त्यो बी तिचेच हातून. काय बोलाचा?" मी म्हणालो, "काय बोलणार."

रिबेकाबाईंनी ती जागा विकली. जुन्या पनवेलात तळ्याजवळच्या घरात त्या एकट्या राहत. पुन्हा कोणाला शिकवायला, कोणाचं ऐकून घ्यायला त्या बसल्या नाहीत. एकदा बाजारात भेटल्या. त्यांचे हात लाल, सोललेले दिसत होते. दिवसातून किती वेळा धुता, असं मी डॉक्टरी सुरात विचारलं. त्या हसल्या. "मोजत नाही." त्या वेळीही डायरी माझ्या घरी कपाटात होती, तिथून दहा मिनिटांवर.

शेवटी बहिणीने आग्रह करून त्यांना इस्रायलला बोलावून घेतलं. तिकडे त्या दोन वर्षं राहिल्या आणि वारल्या. बहिणीने मराठीत पत्र पाठवलं. तिच्या पत्रात एक ओळ होती: 'ताई शेवटी शेवटी घोड्यांची माफी मागायची.' ते पत्र मला आलं तेव्हा मी निवृत्त होतो, पेन्शन लागू झालेली होती, चौकशीची भीती कधीच संपली होती. आता सांगायला माझ्याकडे कोणतीच अडचण उरली नव्हती. ऐकणारं माणूस उरलं नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. त्यांचा आदल्या दिवशी फोन आला होता, "डॉक्टर, भेटून जा." मी गेलो. या वेळी डायरी शर्टाच्या आत, पोटाशी धरून नेली होती. दारात टॅक्सी उभी होती, दोन बॅगा मागे टाकून झाल्या होत्या. त्यांनी निळा स्वेटर घातला होता, पनवेलच्या उकाड्यात. म्हणाल्या, "बॅगेत मावला नाही."

मग त्या माझ्या समोर आल्या आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं, निरोपाचा नमस्कार आहे.

"तुमची माफी मागायला बोलावलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतकी वर्षं माझ्या घोड्यांना सांभाळलंत आणि निवृत्तीच्या तोंडावर माझ्यामुळे तुमच्या हद्दीत तो रोग पसरला. तुम्हाला वर ऐकून घ्यावं लागलं असेल. शिवाय त्या दिवशी, पहिलीचं नाक कोरडं आहे म्हणून, मी तुमच्यावर अविश्वास दाखवला. तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."

त्यांचे जोडलेले हात तसेच होते. त्या उत्तराची वाट बघत होत्या. टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. मी शर्टावरून डायरीवर हात ठेवला, आणि माझ्या तोंडून निघालं,

"झालं ते झालं, रिबेकाबाई. मी मनात ठेवलेलं नाही."

त्यांनी डोळे मिटले, श्वास सोडला, आणि गाडीत बसल्या.